गलबतातून उतरले कोण?

अंबरनाथच्या प्राचीन शिवालयात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, हा काल नोंदविणारा एक शिलालेख असून त्यात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील महामंडलेश्वर माम्वाणिराजाचे नाव आले आहे. छित्तराज, नागार्जुन आणि हा माम्वाणि हे तिघे बंधू एकामागून एक गादीवर आले. आणि त्यांच्या घराण्याचे ताम्रपट पाहिले, तर विद्याधर जीमूतवाहनापासून आरंभ करून कपर्दी, पुलशक्ती अशी जी वंशावळ त्यांत मोठ्या अभिमानाने कोरलेली आढळते, ती पित्यामागून पुत्र किंवा भावामागून भाऊ अशी पुरुषांच्याच नावांनी उतरत येते. ज्या स्त्रियांनी हे पुत्र जन्माला घातले त्या कोणत्या मुलखातून आल्या, याची चौकशी त्या ताम्रपटांना फारशी नसते. गंमत अशी, की प्रत्येक पुरुषाच्या शरीरात निसर्गानेही एक वंशावळ लिहून ठेवलेली आहे, आणि तिचीही खोड नेमकी हीच आहे: ती केवळ पित्यांची नोंद ठेवते.

या वंशावळीचे नाव वाय गुणसूत्र. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात, आणि त्यांतील बहुतेक गुणसूत्रे दर पिढीस आईबापांच्या अंशांची सरमिसळ होऊन पुढे जातात. परंतु वाय गुणसूत्र पित्याकडून केवळ पुत्राकडे जाते, आणि त्याचा बहुतांश भाग कोणाशीही न मिसळता जसाच्या तसा उतरतो. जसाच्या तसा म्हणताना अर्थात एक अपवाद करावा लागतो. तलाठ्याच्या दफ्तरात जमिनीच्या मूळ नोंदीवर जसे फेरफार चढत जातात, आणि ते क्रमाने वाचले असता मिळकत कोणाकडून कोणाकडे गेली हे उलगडते, तसेच या गुणसूत्राच्या नकलेत अधूनमधून एखाद्या अक्षराचा बदल होतो आणि तो पुढील सर्व पुरुषवंशजांत कायम राहतो. दोन दूरच्या बेटांवरील पुरुषांत तोच विरळ बदल सापडला, तर त्या दोघांचा कोणी एक पितृपूर्वज समान होता असे अनुमान निघते. याच्या जोडीला पेशीतील मायटोकाँड्रिया नामक कणिकांत एक लहानशी स्वतंत्र संहिता असते. ती आईकडून सर्व अपत्यांना मिळते, पण पुढे केवळ मुलींच्या द्वारे चालते, आणि म्हणून तिला मातृवंशाचे दफ्तर म्हणता येईल.

या दोन दफ्तरांची साक्ष सर्वांत मनोरंजक ठरली ती प्रशांत महासागरात. ऑस्ट्रोनेशियन भाषाकुलातील सुमारे बाराशे भाषा आज पश्चिमेस मादागास्करपासून पूर्वेस ईस्टर बेटापर्यंत, म्हणजे पृथ्वीच्या अर्ध्याहून अधिक परिघावर, पसरलेल्या आहेत. आणि त्या बोलणाऱ्यांचे पूर्वज सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तैवानमध्ये शेती करून राहत होते, असे भाषाशास्त्र व पुरातत्त्व या दोहोंचे मत आहे. तेथून हे लोक फिलिपाइन्समध्ये उतरले, सुमारे सव्वातीन हजार वर्षांपूर्वी न्यू गिनीजवळच्या बिस्मार्क द्वीपसमूहात लापिता नावाची नक्षीदार मृत्पात्रे घडवू लागले, पुढे काही शतकांतच टोंगा व सामोआ गाठून तेथे दीर्घकाळ विसावले, आणि इसवी सनाच्या एक हजार वर्षांनंतर पुन्हा शिडे उभारून हवाई, ईस्टर बेट व न्यूझीलंड या पॉलिनेशियन त्रिकोणाच्या टोकांवर पोहोचले. होकायंत्र नाही, नकाशा नाही. तारे, लाटांची वळणे आणि पक्ष्यांची उड्डाणे एवढ्याच भांडवलावर हा पराक्रम झाला.

आता या पराक्रमी खलाशांच्या वंशजांत कोणता पितृवंश सापडावा? आशियाचा, असे कोणीही म्हणेल. मानफ्रेड कायझर आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ साली पॉलिनेशियातील नमुन्यांचा जो तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला त्यात मातृवंश सुमारे ९४ टक्के आशियाई निघाला खरा, परंतु पितृवंश मात्र सुमारे ६६ टक्के मेलानेशियन, म्हणजे न्यू गिनी व तिच्या शेजारच्या बेटांवरील मूळ रहिवाशांचा, निघाला. ज्यांची भाषा व नौका आशियातून आली, त्यांचे आजे-पणजे बव्हंशी वाटेवरच्या बेटांतले. या कोड्याचा उलगडा काही अभ्यासकांनी विवाहाच्या रीतीत शोधला. प्राचीन ऑस्ट्रोनेशियन समाजात विवाहानंतर वराने वधूच्या घरी राहावयास जावे, घर व जमीन स्त्रियांच्या वंशाने चालावी, अशी पद्धत असावी. आणि तसे असेल तर परका पुरुष जावई म्हणून सहज सामावतो, परकी स्त्री मात्र क्वचितच आत येते. अशा घरात पिढ्यान्‌पिढ्या पित्यांचे वंश बदलत राहिले तरी आयांचा वंश एकच राहील.

या अनुमानाला पुढे एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. व्हानुआतू व टोंगा येथील सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या अस्थींतून मिळालेली जनुकीय संहिता २०१६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्या आद्य वसाहतकारांत न्यू गिनीच्या रक्ताचा अंश जवळजवळ नव्हता असे दिसून आले. म्हणजे मिश्रण वाटेत झाले नव्हते. पहिली गलबते किनाऱ्याला लागून वसाहती झाल्यावर, मागाहून आलेल्या माणसांमुळे, आणि विशेषतः पुरुषांमुळे, ते झाले. आजच्या माणसांच्या पितृवंशावरून प्रवासाचा मार्ग आखू पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे: पितृवंश कोठून आला ते हे दफ्तर सांगते, पण तो पहिल्या गलबतातून आला की दहाव्या, हे आपण होऊन सांगत नाही.

याच ऑस्ट्रोनेशियन लोकांची एक शाखा हिंदी महासागर ओलांडून मादागास्करला गेली; तेथील मालागासी भाषेचे सर्वांत जवळचे नाते बोर्निओतील बारितो नदीकाठच्या मान्यान भाषेशी आहे, हे ओटो डाल यांनी १९५१ साली दाखवून दिले होते. या खलाशांच्या नौकांप्रमाणे आपल्या कोकण किनाऱ्यावरही होडीच्या एका अंगाला आडव्या दांड्यांनी लाकडी तरंड बांधून तिला तोल देण्याची युक्ती आहे आणि तिला कोळी उलांडी म्हणतात. नौकाविद्येचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली या आणि अशा भारतीय नौकांचा संबंध प्रशांत महासागरातील परंपरेशी जोडला होता. परंतु नौकेच्या घडणीवरून वंशाचा निकाल लावता येत नाही. कारण कसब शेजाऱ्याकडे पाहूनही उचलता येते, वंश मात्र जन्मानेच मिळतो. तेव्हा सागरी स्थलांतराची साक्ष पितृवंशातून काढावयाची, तर कोकणात ज्या समाजाकडे वळले पाहिजे तो म्हणजे बेने इस्राएल यहुद्यांचा.

पेरिप्लस या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात कल्याण, सोपारा आणि चौल या तिन्ही बंदरांची नावे येतात. बदलापुरावरून वाहत येऊन खाडीला मिळणाऱ्या उल्हास नदीच्या काठी कल्याण, आणि दक्षिणेस कुंडलिकेच्या मुखाशी चौल. या चौलाच्या उत्तरेस, अलिबागजवळच्या नवगाव येथे, एक गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, अशी बेने इस्राएलांची परंपरा सांगते. बुडालेल्यांना जेथे पुरले ते उंचवटे नवगावी दाखविले जातात. तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे लोक गावकऱ्यांत शनिवार तेली म्हणून ओळखले जात. रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्याच्या गावांवरून पडली, मराठी ही त्यांची मायबोली झाली, आणि पुढे पलटणी, कचेऱ्या व रेल्वे यांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने ते मुंबईस, व १८७९ पासून स्वतःचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, असलेल्या ठाण्यास स्थायिक झाले. समाजाचे इतिहासकार हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ च्या सुमारास लिहून पूर्ण केलेला त्यांचा इतिहास तेल अवीव येथे १९३७ मध्ये छापला गेला.

ट्यूडर पारफिट व त्यांचे सहकारी यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस या समाजातील पुरुषांचे नमुने तपासविले, तेव्हा पितृवंशात पश्चिम आशियाशी नाते सांगणाऱ्या खुणा मिळाल्या, आणि त्यांत यहुदी पुरोहितवंशात विशेष आढळणारी एक खूणही होती. ती यहुद्यांखेरीज पश्चिम आशियातील इतर लोकांतही आढळते, हे मात्र येथेच सांगितले पाहिजे. पुढे २०१६ मध्ये येदाएल वाल्डमन आदी संशोधकांनी संपूर्ण जनुकसंहितेचा अभ्यास करून असा निष्कर्ष काढला, की या समाजात यहुदी व भारतीय असे दोन्ही वारसे भरीव प्रमाणात आहेत, यहुदी अंश पुरुषांकडून अधिक व भारतीय अंश स्त्रियांकडून अधिक आला आहे, आणि हे मिश्रण सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी घडले.

पॉलिनेशियाचे चित्र येथे उलटे झाले. तेथे आधी वसलेल्या स्त्रियांच्या घरांनी मागाहून आलेले पुरुष आत घेतले. येथे आलेल्या पुरुषांनी स्थानिक स्त्रिया घरात आणल्या, आणि मुलगी सासरी जाण्याच्या या मुलखाच्या रीतीने पित्याचे नाव, धर्म व गुणसूत्र एकत्र टिकले. मग सात स्त्रियांची परंपरा खोटी मानावयाची काय? तसे म्हणण्याचे धाडस करू नये. इतक्या लहान समुदायात एखादीला केवळ पुत्र झाले, तरी तिचा मातृवंश तेथेच खुंटतो, आणि काही पिढ्यांत आद्य स्त्रियांपैकी एकीचीही खूण न उरणे शक्य असते. तसेच मिश्रणाचा काळ हा आगमनाचा काळ नव्हे. टोंगाच्या अस्थींनी शिकविलेला धडा नवगावलाही लागू पडतो. मात्र या समाजात एके काळी स्थानिक स्त्रियांच्या संततीला काळे इस्राएल म्हणून गोऱ्या इस्राएलांपासून निराळे ठेवण्याची जी चाल होती, तिला या संशोधनानंतर आधार राहत नाही. कारण सबंध समाजाच्याच देहात कोकणच्या स्त्रियांचा वारसा खोलवर रुजलेला आहे.

सागरी स्थलांतराचा तिसरा प्रकार पाहण्यासाठी अंबरनाथच्या शेजारच्याच स्थानकावर उतरावे. फाळणीनंतर, आणि विशेषेकरून जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर, हजारो सिंधी कुटुंबे आगबोटींतून मुंबई बंदरात उतरली. कल्याणजवळच्या महायुद्धकालीन लष्करी छावणीच्या बराकींत लाखाच्या घरात निर्वासितांची सोय झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे उल्हासनगरचा पाया घातला गेला. या आगबोटींतून आजी, सुना, लेकरे असे अखंड संसार उतरले. अशा वस्तीत पितृवंश व मातृवंश दोन्ही सिंधूकाठचेच असणार, आणि एकाच मुलखाचा निर्देश करणार, हे तर्काने सांगता येते. उल्हास नदीच्या या खोऱ्यात ते स्थलांतर पाहिलेली माणसे होऊन गेली, म्हणून आपल्याला उत्तर ठाऊक आहे. तीन हजार वर्षांनी कोणी केवळ गुणसूत्रे हाती घेऊन विचार करील, तर दोन दफ्तरांच्या या एकवाक्यतेवरूनच त्याला ओळखावे लागेल, की येथे माणसे कुटुंबकबिल्यासह आली.

तात्पर्य, पितृवंशाची खूण समुद्रावरच्या वाटेविषयी जितके सांगते, त्याहून अधिक ती किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या घराविषयी सांगते: कोण कोणाच्या घरी नांदावयास गेले, कोणाला आत घेतले. आणि ही साक्षही एकेरीच. दहा पिढ्या मागे गेले तर प्रत्येकाच्या वंशवृक्षात १०२४ पूर्वजांची स्थाने येतात, आणि वाय गुणसूत्र त्यांतील फक्त एकाचे नाव घेते. त्या एकावरून जातीचा, धर्माचा किंवा भूमीवरच्या हक्काचा दावा मांडणे म्हणजे बाकीच्या १०२३ जणांची जबानी न घेताच निवाडा देणे होय. बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, असे इस्राएल सरकारने १९६४ साली जाहीर केले, तेव्हा कोणाच्याही गुणसूत्राची तपासणी झालेली नव्हती, आणि ती होण्याचे कारणही नव्हते. ज्याला आपल्या पित्याच्या पित्याचे मूळ शोधावेसे वाटेल त्याने ते अवश्य शोधावे, परंतु त्याबरोबरच आईच्या आईचेही शोधावे; आणि दोन्ही उत्तरे जुळली नाहीत तर खट्टू होऊ नये, कारण आपल्या पूर्वजांनी परक्याला घरचे कसे केले, याचा पुरावा त्या न जुळण्यातच असतो.