भरती पाहून निघा, पक्षी पाहून या

हिवाळ्यात सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. एक, ‘‘डॉक्टर, रोज त्याच रस्त्यावर चालायचा कंटाळा येतो.’’ दुसरी, ‘‘निवृत्त झाल्यापासून वेळच जात नाही.’’ मुंबई-ठाण्यातल्या मंडळींना मी दोन्हींवर एकच उपाय सुचवतो. आठवड्यातून एकदा खाडीवरचे पक्षी पाहायला जा.

शिवडी बंदराचा चिखल हार्बर मार्गावरील स्टेशनपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर आहे. साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत तेथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो उतरतात. पलीकडच्या ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा, तर २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. रोहितांच्या पायाशी तुतवार, चिखले, कोरल, पाणटिवळे असे लहानमोठे पाहुणे चिखलात चोच खुपसत असतात. त्यांतले अनेक थेट मध्य आशिया आणि सायबेरियातून आलेले असतात.

या पाहुण्यांचे शरीरशास्त्र डॉक्टरलाही थक्क करते. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याच्या एका पिल्लाने २०२२ मध्ये अलास्का ते टास्मानिया हे सुमारे १३,५६० किलोमीटरचे अंतर ११ दिवसांत, कुठेही न थांबता कापले. या प्रवासाआधी पक्षी अंगावर भरपूर चरबी चढवतो आणि पचनाचे अवयव आक्रसून घेतो. आपल्या पोटावरची चरबी साठून राहते. त्याची चरबी म्हणजे मोजून भरलेले इंधन. म्हणूनच चांगल्या फोटोसाठी थव्याला उडवणे हा निरुपद्रवी खेळ नव्हे. प्रत्येक भरारीत परतीच्या प्रवासाची शिधोरी खर्ची पडते. मांडव्याच्या बोटीवरून कुरवांना गाठिया आणि वेफर्स टाकणेही तसेच. तळलेले, खारट पदार्थ हे त्यांचे अन्न नाही.

आता आपल्या तब्येतीविषयी. इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या २०१९ च्या अभ्यासात, आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती अधिक चांगली असल्याचे सांगितले. लंडनमधील किंग्ज कॉलेजच्या २०२२ च्या अभ्यासात, पक्षी दिसल्या-ऐकल्यानंतर लोकांना काही तास अधिक बरे वाटत असल्याचे आढळले, नैराश्य असलेल्यांनाही. मात्र यामुळे गोळ्या बंद करायच्या नाहीत. औषधाला मिळालेली ही जोड आहे.

जाताना काही पथ्ये पाळा. आधी भरतीची वेळ पाहा. पूर्ण ओहोटीला पक्षी दूर जातात आणि पूर्ण भरतीला चिखलच बुडतो. भरतीच्या दोन-तीन तास आधी किंवा नंतर ते काठाजवळ असतात. शिवडीचा किनारा पूर्वेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी ऊन डोळ्यांवर येते. दुपारनंतर ते पाठीशी असते. दमेकऱ्यांनाही दुपारच सोयीची, कारण हिवाळ्यात पहाटे धूर आणि धूळ जमिनीलगत कोंडून राहते. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नका. नजर कायमची जाऊ शकते.

जेट्टीवर शेवाळ असते, म्हणून चपला नकोत, बंद बूट हवेत. मधुमेहींनी हे विशेष लक्षात ठेवावे. पायाची संवेदना कमी असेल तर शिंपला लागलेलाही कळत नाही आणि त्या जखमेतून पुढे महिनोन्‌महिन्यांचे दुखणे उभे राहते. घरी आल्यावर तळवे उजेडात तपासा.

मेलेला किंवा आजारी पक्षी दिसला तर हात लावू नका, वन विभागाला किंवा पशुसंवर्धन विभागाला कळवा. जानेवारी २०२१ मध्ये परभणीतील कोंबड्यांत आणि मुंबई, ठाणे, दापोली येथील पक्ष्यांत बर्ड फ्लू आढळला होता. लांबून पक्षी पाहण्यात मात्र घाबरण्यासारखे काही नाही.

महागडी दुर्बीण नसली तरी चालेल. पाण्याची बाटली, टोपी आणि एक वही घ्या. शक्य असल्यास नातवंडालाही सोबत न्या. पक्षी मोजायला त्याचे डोळे तुमच्यापेक्षा तेज असतात.