पाण्यात पडलेले झाड : कचरा की आसरा?

श्रमदानाला गेलो, की प्लॅस्टिकच्या पिशव्यांबरोबर ओढ्यात पडलेल्या फांद्या आणि ओंडकेही आम्ही ओढून काठावर टाकत असू. ओढा कसा स्वच्छ दिसे! पण ओढ्यातले सगळेच लाकूड कचरा नसते. म्हणून हा लेख.

अमेरिकेतील ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांत हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर झाली. सॅमन मासे अंडी घालण्यासाठी समुद्रातून नदीत वर येतात. त्यांची वाट मोकळी व्हावी, या चांगल्या हेतूने १९५० ते १९७० च्या दशकांत तेथील ओढ्यांतून ओंडके काढून टाकण्यात आले. पण लाकडाबरोबर डोह आणि अंडी घालण्याजोगी खडीही कमी झाली. १९८० च्या दशकापासून तेथे पुन्हा खर्च करून ओंडके पाण्यात ठेवले जात आहेत.

लाकूड पाण्यात काय करते? आडव्या ओंडक्यावरून पाणी उसळून खाली पडते आणि पुढचा तळ खणते. तेथे डोह होतो. ओंडक्याच्या मागे वेग मंदावतो, म्हणून वाळू, खडी आणि पाने साचतात. पाने कुजू लागली की पाण्यातले किडे ती खातात आणि किड्यांना मासे खातात. लहान माशांना फांद्यांच्या जाळीत लपायला जागा मिळते. उन्हाळ्यात ओढा आटला, तरी खोल डोहात थोडे पाणी उरते व पावसाळ्यापर्यंत जीव तग धरतात.

विद्यार्थी मित्रांनो, हे घरी करून पाहा. तिरप्या ट्रेमध्ये ओली वाळू पसरा, त्यात एक पेन्सिल आडवी अर्धी पुरा आणि वरून हळूहळू पाणी सोडा. खड्डा कोठे पडतो आणि वाळू कोठे साचते, ते वहीत काढा.

आता आपल्या भोपाळकडे पाहू. मोठ्या तलावाला पाणी देणारी कोलांस नदी सीहोर जिल्ह्यातून येते. तलाव भरला, की भदभद्याचे दरवाजे उघडतात आणि पाणी कलियासोतमधून पुढे बेतवेला मिळते. मोठा आणि छोटा तलाव मिळून झालेले भोज पाणथळ क्षेत्र २००२ पासून रामसर यादीत आहे. तलाव जपायचा, तर त्याला मिळणारे ओढेही जिवंत हवेत.

मात्र याचा अर्थ दिसेल ते लाकूड पाण्यात टाकावे, असा नव्हे. पुलाच्या किंवा मोरीच्या जवळ सुटा ओंडका अडकला, तर पावसाळ्यात पाणी वस्तीत शिरू शकते. तेथील लाकूड काढलेच पाहिजे. विसर्जनातले रंगवलेले पाट आणि मूर्तींचे सांगाडेही काढावेत. सांडपाण्याच्या नाल्यात तर आधी सांडपाणी थांबवावे लागते. तेथे लाकडाने काही साधत नाही. नवे ओंडके बसवायचे, तर पुराचा अंदाज घेऊन ते तज्ज्ञांनीच पक्के बसवावेत.

आपल्याला जमण्यासारखे दोन गोष्टींत आहे. पुढच्या श्रमदानात प्लॅस्टिक जरूर काढू. पण वस्ती व मोरीपासून दूर, पक्के रुतलेले लाकूड शिक्षकांना विचारल्याशिवाय हलवायचे नाही. दुसरे म्हणजे, ओढ्याला लाकूड आणि पाने काठावरची झाडेच पुरवतात. म्हणून यंदाचे वृक्षारोपण ओढ्याच्या काठी अर्जुन, जांभूळ, उंबर आणि करंज लावून करावे, अशी पालकांना आणि विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती आहे.