पडद्यावरचा खेळ : लेखांक ६ – अंधेरीतले अठरा गोल

मागच्या आठवड्यात आपण ‘कोपा ७१’ या माहितीपटापाशी थांबलो होतो. १९७१ साली मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियममध्ये महिला फुटबॉलचा अंतिम सामना पाहायला लाखभर माणसं आली. डेन्मार्कनं मेक्सिकोला ३-० असं हरवलं आणि तिन्ही गोल पंधरा वर्षांच्या सुसान ऑगस्टेसननं केले. फिफानं ही स्पर्धा कधी आपली मानली नाही. फिफाच्या लेखी पहिला महिला विश्वचषक १९९१ चा, चीनमधला. तरी पन्नास वर्षांनी हा माहितीपट होऊ शकला, कारण त्या दिवशी मैदानावर कॅमेरे होते.

भारतातल्या महिला फुटबॉलवर अशी माहितीपटांची मालिका करायची ठरवली, तर पडद्यावर दाखवायचं काय?

तिचा पहिला भाग मी अंधेरीतून सुरू करीन. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोनं आझादनगरला उतरलं की शहाजी राजे भोसले क्रीडा संकुल जवळच आहे. आतलं मैदान ‘मुंबई फुटबॉल अरेना’ म्हणून ओळखलं जातं. जून २०१८ मध्ये सुनील छेत्रीनं ‘मैदानात या, आम्हाला पाहा’ अशा अर्थाचं कळकळीचं आवाहन केलं आणि केनियाविरुद्धच्या सामन्याला हे मैदान खच्चून भरलं. मालाड-बोरिवलीची पोरं ढोल घेऊन आली असतील, तर त्यात नवल नाही. ही उपनगरं फुटबॉलवर जीव टाकतात.

त्याच मैदानावर २१ जानेवारी २०२२ रोजी महिला आशियाई चषकात ऑस्ट्रेलियानं इंडोनेशियाला १८-० असं हरवलं. सॅम करनं पाच गोल केले आणि टिम केहिलचा ५० गोलांचा विक्रम मागे टाकला. ऑस्ट्रेलियासाठी सर्वाधिक गोल करणारी खेळाडू, पुरुष-महिला दोन्ही संघ धरून, ती अंधेरीत ठरली. तिच्या वडिलांचा जन्म कोलकात्याचा. एवढी मोठी घटना आपल्या दाराशी घडली आणि स्टँड रिकामे होते. कोविडच्या तिसऱ्या लाटेमुळे प्रेक्षकांना प्रवेशच नव्हता. जे काही झालं ते कॅमेऱ्यानं पाहिलं.

भारताचं काय झालं, ते सांगताना आजही वाईट वाटतं. २० जानेवारीला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी गोलशून्य बरोबरी झाली. २३ तारखेला तैवानशी सामना होता, पण संघात कोविड पसरला होता. नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडू उभ्या करता येईनात, म्हणून यजमान संघच स्पर्धेबाहेर गेला. उपांत्यपूर्व फेरी गाठली असती तर विश्वचषकाचा रस्ता समोर होता. तो फिलिपिन्सच्या मुलींनी पकडला. त्यांनी पुण्याच्या बालेवाडीत तैवानला पेनल्टींवर हरवून पहिल्यांदा विश्वचषकात प्रवेश मिळवला आणि पुढच्या वर्षी वेलिंग्टनमध्ये यजमान न्यूझीलंडलाही हरवलं.

मालिकेचा दुसरा भाग याच तैवानचा धागा धरून मागे जाईल, जानेवारी १९८० च्या कोळिकोडला. आशियाई महिला फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिथं तैवाननं भारताला २-० नं हरवलं. म्हणजे आपण आशियात दुसरे होतो! १९८३ ला बँकॉकमध्ये पुन्हा उपविजेते ठरलो. त्या संघातल्या शांती मलिक यांना त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिला. हे सगळं १९७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला फुटबॉल महासंघानं उभं केलं, आणि या महासंघाला फिफाची मान्यताही नव्हती.

आणि तरीही ते सामने डोळ्यांसमोर आणता येत नाहीत. १९८० साली केरळात दूरदर्शनच पोहोचलं नव्हतं. मुंबई केंद्र १९७२ पासून सुरू होतं, पण वरळीची कॅमेऱ्याची गाडी कोळिकोडला कशाला जाईल? उरतात त्या वर्तमानपत्रांतल्या बातम्या, गटाचे फोटो आणि खेळाडूंची आठवण. १९७१ ला कॅमेराही होता आणि गर्दीही. कोळिकोडला टीव्हीचा कॅमेरा नव्हता, अंधेरीत गर्दी नव्हती. आपल्या मालिकेची खरी अडचण इथं आहे, आणि माझ्या मते तिचा खरा विषयही हाच आहे. नुसती विजेत्यांची यादी वाचून दाखवायला मालिका लागत नाही. कोण पाहत होतं आणि कोणी पाहिलंच नाही, हे तिनं दाखवावं.

नव्वदच्या दशकात अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं महिला फुटबॉल आपल्याकडे घेतला. २००९ मध्ये, दीड वर्षाहून जास्त काळ सामनाच न खेळल्यामुळे, भारताचं नाव फिफाच्या क्रमवारीतून निघालं. मालिकेतला हा भाग लवकर संपेल. न झालेल्या सामन्यांचं चित्रण कुठून आणणार? ५ जुलै २०२५ चं चित्रण मात्र सगळ्यांच्या फोनवर आहे. त्या दिवशी चियांग मायमध्ये संगीता बासफोरच्या दोन गोलांनी थायलंडला २-१ नं हरवून आपण पात्रता फेरीतून आशियाई चषकात गेलो.

मधल्या पोकळीसाठी माणसंच शोधावी लागतील. सत्तर-ऐंशीच्या दशकांत राज्याकडून किंवा कॉलेजकडून फुटबॉल खेळलेल्या बायका आज साठीच्या आसपास किंवा पुढं आहेत. त्यातल्या काही मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीच्या सोसायट्यांत राहत असतील. त्यांच्याकडे फोटो, कात्रणं, रेल्वेच्या सवलतीचे कागद, जर्सी, जे काही असेल ते आत्ताच स्कॅन करून घेतलं पाहिजे, आणि त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं पाहिजे. तुमच्या घरात अशी आजी, मावशी, आत्या असेल तर या रविवारी तिच्यासमोर फोन ठेवा आणि पहिला सामना कुठे खेळलीस, एवढंच विचारा.

पुढच्या लेखांकात मणिपूरच्या आंद्रो गावातल्या क्लबवरचा मीना लोंगजाम यांचा ‘आंद्रो ड्रीम्स’ हा माहितीपट पाहू.