खुराड्याला वाफ

आमच्या अंबरनाथ पूर्वेला आता घराला घर लागले आहे. तरी कुणाकुणाच्या परसात कोंबड्या दिसतात. शेजारच्या वहिनींकडे सात होत्या. पावसाळा सरला आणि त्यांतली एक मेली. बाकीच्यांचे तुरे फिके पडले. अंडी निम्मी झाली. दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात शिरेनात, कुंपणावरच बसू लागल्या.

वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, नजर लागली हो कुणाची तरी."

मी म्हटलं, "आज रात्री बघू या."

रात्री बॅटरी घेऊन गेलो. कोंबड्या ज्या दांडीवर बसतात, तिच्या खालच्या अंगाला पांढरा कागद घासला. कागदावर लाल रेघा उमटल्या. ते कोंबड्यांचेच रक्त! रक्त पिऊन फुगलेले किडे कागदाखाली चिरडले होते.

हा किडा खसखशीएवढा. दिवसा कोंबडीच्या अंगावर शोधाल, तर बहुधा सापडायचा नाही. लाकडाच्या फटीत, खिळ्याच्या भोकात, दांडीच्या टोकाशी तो दडून बसतो. काळोख पडला की बाहेर येतो, रक्त पितो आणि परत फटीत जातो. ढेकणासारखाच म्हणा ना. उपाशीपोटी तो महिने महिने जगतो. म्हणून खुराडे चार दिवस रिकामे ठेवून भागत नाही.

वहिनी फिनेलचे पाणी ओतीत होत्या. पण ते वरून वाहून जाई. वाफ मात्र फटीत शिरते. पाणी १०० अंशांवर उकळते. त्याची वाफ झाली की तिला पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा लागते. म्हणून ती जोराने बाहेर धावते. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, ती ह्याच जोरावर.

हल्ली विजेवर चालणारे वाफेचे यंत्र मिळते. बंद भांड्यात पाणी तापते, नळीतून वाफ येते. वहिनींचा भाचा हॉटेलांची स्वयंपाकघरे साफ करतो, त्याने ते आणले.

पहिल्यांदा चूक माझीच झाली. शीट न काढताच मी वाफ मारायला सांगितली. वरची शीट शिजली, खालचे लाकूड तसेच राहिले. आणि वास! आळीतले लोक विचारायला आले.

मग रीतसर काम केले. कोंबड्या लांब नेऊन झाकल्या. वाफ त्यांना सोसत नाही. पोरांनाही दूर बसवले. नाकाला फडके बांधले. वाळलेली शीट आधी पाण्याने भिजवली, कारण तिची धूळ छातीत गेली तर माणूस आजारी पडतो. मग खुरप्याने खरवडून, साबणाच्या पाण्याने घासून काढली. त्यानंतर वाफ. नळीचे तोंड फटीपासून दोन बोटांवर धरायचे आणि हळूहळू पुढे सरकायचे. लांबून मारलेली वाफ वाटेतच निवते. हातावर आली तर मात्र कातडी सोलून निघेल. यंत्र निवल्याशिवाय त्याचे झाकण उघडू नये. ओल्या हाताने विजेचे बटण दाबू नये.

यंत्र नसेल त्याने चोचीच्या किटलीतून उकळते पाणी फटीफटीत सोडावे. वाफेइतके आत जात नाही, पण पुष्कळ काम होते. नंतर दोन दिवस कडक ऊन हवे. ओल्या खुराड्यात कोंबडी घालू नका.

एक गोष्ट वेगळी. कोंबड्या एकाएकी पटापट मरू लागल्या, तर साफसफाई करीत बसू नका. मेलेल्या कोंबडीला हात लावू नका. जनावरांच्या दवाखान्यात लगेच कळवा. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला बर्ड फ्लूची साथ आली होती. त्या रोगाला घरची वाफ पुरत नाही.

वहिनींच्या खुराड्यात आठव्या रात्री पुन्हा कागद घासला. एक रेघ उमटली. फटीत राहिलेल्या अंड्यांतून आठवडाभरात नवे किडे तयार होतात. पुन्हा वाफ दिली. पंधराव्या रात्री कागद कोरा निघाला. सहाही कोंबड्या दांडीवर ओळीने बसल्या होत्या. बॅटरीच्या उजेडाने एक जागी झाली आणि माझ्यावरच ओरडली.