गाडी परत बोलावली, आता काय करायचं?

शिरूरहून पुण्याकडे निघालं की कारेगाव-रांजणगावच्या पट्ट्यात एमआयडीसी लागते आणि तिथून जवळच महागणपतीचं देऊळ. नवी गाडी घेतली की शिरूर-दौंडकडच्या बऱ्याच घरांत पहिली फेरी इथेच होते. बोनेटवर हार, चाकाखाली लिंबू, पेढ्यांचा पुडा. अशा गाडीबद्दल दोन-तीन महिन्यांत कंपनीचा फोन आला, 'सर, तुमच्या गाडीत एक भाग बदलायचा आहे, गाडी घेऊन या', तर माणूस गांगरतो. आपल्याला खराब गाडी माथी मारली असं एकाला वाटतं. दुसरा म्हणतो, गाडी तर झकास चालतेय, कशाला पुण्याला खेटा घालायचा? दोघंही आपलंच नुकसान करून घेतात. म्हणून ही रिकॉलची, म्हणजे गाडी परत बोलावण्याची, भानगड पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट समजून घेऊ.

रांजणगावच्या 1,200 गाड्या

दाखला शिरूर तालुक्यातलाच आहे. रांजणगावच्या कारखान्यात फियाट आणि टाटा मोटर्स यांची भागीदारी आहे. जीप कंपास ही गाडी तिथेच तयार होते. 31 जुलै 2017 रोजी ती भारतात विक्रीला आली. चार महिने होतात न होतात तोच, नोव्हेंबरमध्ये, कंपनीने सुमारे 1,200 कंपास परत बोलावल्या. 5 सप्टेंबर ते 19 नोव्हेंबर 2017 या काळात बनलेल्या या गाड्या होत्या.

दोष होता पुढे बसणाऱ्या प्रवाशाच्या एअरबॅगमध्ये. एअरबॅग पुरवठादाराकडे तयार होत असताना काही बॅगांच्या जुळणीत नट-बोल्टसारखा सुटा तुकडा राहून गेला असण्याची शक्यता होती. आता एअरबॅग फुगते कशी ते पाहा. धडक बसली की सेन्सर इशारा देतो, रसायन पेटतं, वायू तयार होतो आणि घडी घातलेली पिशवी साधारण 30 मिलिसेकंदांत उघडते. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. त्या झपाट्यात पिशवीजवळ पडलेला लोखंडी तुकडा माणसाच्या अंगावर कसा येईल, हे वेगळं सांगायला नको. जीव वाचवणारी वस्तूच जखम करणार.

या दोषाची मालकाला काहीच चाहूल लागत नाही. चावी फिरवली की डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. याचा अर्थ इतकाच की यंत्रणेने स्वतःची विजेची तपासणी केली आणि जोडण्या ठीक आहेत. सुटा तुकडा त्या दिव्याला दिसत नाही. गाडीला आवाज नाही, हादरा नाही, ॲव्हरेजमध्ये फरक नाही. म्हणून 'मला तर काही जाणवत नाही' हे रिकॉल टाळायचं कारण होऊ शकत नाही. मालकाला जाणवणार नाही असा दोष असतो, म्हणून तर कंपनीला कळवावं लागतं.

तारखा एवढ्या नेमक्या कशा?

रिकॉलची बातमी वाचताना 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत' हे शब्द हमखास येतात. कारखान्यात गाडी जुळणीच्या पट्ट्यावरून पुढे सरकते तेव्हा एअरबॅग, ब्रेकचे भाग, स्टिअरिंगचे भाग अशा महत्त्वाच्या सुट्या भागांवरचा बारकोड वाचला जातो आणि त्या गाडीच्या नावे नोंदवला जातो. कोणत्या पुरवठादाराच्या कोणत्या लॉटमधला कोणता भाग कोणत्या गाडीत गेला, याची ही वही. पुढे एखाद्या लॉटमध्ये खोट सापडली की वही उलटी वाचायची: हा लॉट कधी आला, कधी संपला, कुठल्या गाड्यांत बसला.

म्हणूनच एकाच मॉडेलची, एकाच रंगाची, आठवड्याच्या फरकाने घेतलेली शेजाऱ्याची गाडी रिकॉलमध्ये असते आणि तुमची नसते. मार्च 2022 मध्ये पुण्यात धानोरीला ओलाची एक इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. पुढच्या महिन्यात कंपनीने 1,441 स्कूटर तपासणीसाठी बोलावल्या, त्या त्याच बॅचच्या होत्या.

आणखी एक गोष्ट. बोलावलेल्या प्रत्येक गाडीत दोष असतोच असं नाही. शंभरातल्या एखाद्याच भागात खोट असेल, पण ती नेमकी कोणत्या गाडीत हे बाहेरून कळत नाही, म्हणून सगळ्याच उघडून पाहायच्या.

आपली गाडी यादीत आहे का?

इथे नंबरप्लेट फारशी कामाची नाही. एमएच-12 असो की एमएच-42, तो नंबर आरटीओने दिलेला. कारखाना तुमची गाडी ओळखतो तो चासी नंबरावरून. हा 17 अक्षर-अंकांचा असतो आणि भारतात बनलेल्या गाडीचा 'एम' अक्षराने सुरू होतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. तुम्हाला 'ओ' वाटतोय तो शून्यच आहे, हे लक्षात ठेवलं तर नंबर टाकताना चूक होत नाही.

हा नंबर आरसीवर असतो, विम्याच्या कागदावर असतो. गाडीवरही असतो. बऱ्याच गाड्यांत बाहेर उभं राहून पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून आत पाहिलं की डॅशबोर्डवर छोटी पट्टी दिसते. काचेवर धूळ असली तर ओलं फडकं फिरवायचं, मोबाइलची बॅटरी तिरकी धरायची आणि फोटो काढून ठेवायचा. काही गाड्यांत तो दरवाज्याच्या खांबावर किंवा सीटखाली गालिचा उचलला की मिळतो. आरसीवरचा आणि गाडीवरचा नंबर ताडून पाहा.

बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर चासी नंबर टाकला की गाडी रिकॉलमध्ये आहे की नाही ते लगेच कळतं. नाहीतर त्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करून नंबर सांगायचा. गाडी जिथून घेतली तेच शोरूम हवं असं नाही. चौफुल्याला राहणाऱ्याने नगर रोडच्या शोरूममधून गाडी घेतली असली, तरी काम सोलापूर रोडवरच्या सेंटरला करून घेता येतं.

फोन नेमका कुणाला जातो?

आमच्याकडे बऱ्याच रिकॉलचं घोडं इथेच अडतं. माझ्या दौंडच्या मामांनी एक गाडी घेतली होती. तिचं रिकॉल निघालं आणि तीन महिने त्यांना पत्ताच नव्हता. मी सहज चासी नंबर टाकून पाहिला तेव्हा कळलं. मामा शोरूमवर तणतणले, 'अहो, मला एक फोन करता येत नव्हता?' तिथल्या मुलीने संगणकात पाहून नंबर वाचून दाखवला. तो मामांचा नव्हताच. गाडीचे कागद करणाऱ्या एजंटाने स्वतःचा मोबाइल नंबर टाकला होता. फोन गेले होते, एसएमएस गेले होते, पण सगळे त्याच्याकडे. मामा काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, 'लिही बाई, माझा नंबर लिही.'

तुमच्या घरातल्या गाडीचंही हे एकदा तपासा. गाडी वडिलांच्या नावावर, हप्ते मुलाच्या खात्यातून, चालवणारा पुतण्या आणि नोंदवलेला नंबर आणखी कुणाचा, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत. जुनी गाडी घेतलेल्यांचं तर फारच. गाडी नावावर करायच्या टीटी फॉर्मवर सह्या घेऊन ठेवायच्या आणि 'नावावर करू सावकाश' म्हणत दोन हंगाम काढायचे. तेवढ्या काळात रिकॉल निघालं तर पत्र पहिल्या मालकाकडे जाणार, आणि त्याच्या लेखी तो विषय संपलेला. फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी नावावर करून घ्या, परिवहनच्या 'वाहन' पोर्टलवर स्वतःचा मोबाइल नंबर नोंदवा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येही तोच द्या. दोन्ही नोंदी वेगळ्या आहेत, एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही. जुनी गाडी घेताना टायर-इंजिन पाहतो तसंच चासी नंबर टाकून रिकॉलचं काम राहिलंय का, हेही पाहायचं. काम मोफत असतं, मालक दुसरा असो की तिसरा.

एक सावधगिरी मात्र हवी. रिकॉलच्या नावाने कुणी पैसे, ओटीपी किंवा बँकेची माहिती मागितली, व्हॉट्सॲपवर ॲप उतरवायची फाइल पाठवली, तर तो फसवणुकीचा फोन. ठेवून द्यायचा आणि सर्व्हिस सेंटरला स्वतः फोन लावायचा.

तोवर गाडी चालवायची का?

हे कंपनीच्या सूचनेत लिहिलेलं असतं आणि ते शब्दशः पाळायचं. कंपासच्या वेळी सूचना होती की एअरबॅग बदलेपर्यंत चालकाशेजारच्या सीटवर कुणाला बसवू नका. जानेवारी 2023 मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅग कंट्रोलरच्या संशयावरून 17,362 गाड्या बोलावल्या. त्या 8 डिसेंबर 2022 ते 12 जानेवारी 2023 या काळातल्या, म्हणजे अगदी कोऱ्या होत्या. त्या वेळी सांगितलं होतं की भाग बदलेपर्यंत गाडी चालवूच नका. उलट काही रिकॉलमध्ये गाडी चालवायला हरकत नसते, फक्त तारीख घेऊन यायचं असतं.

'चालवू नका' असं असेल तर गाडी सेंटरपर्यंत न्यायची कशी, हे फोनवरच विचारा. टोइंगची सोय मागा, कोण येणार आणि कधी, हे मेसेजवर लिहून घ्या. दौंड किंवा न्हावऱ्याहून पुण्यापर्यंत सांभाळून नेतो म्हणाल, तर रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, अवजड कंटेनर आणि अंधारात शेताकडे वळणारे ट्रॅक्टर आहेत. तिथे एअरबॅग आणि ब्रेक भरवशाचे असलेच पाहिजेत.

गावातल्या गॅरेजवाल्यावर आपला विश्वास असतो आणि तो योग्यही आहे. पण रिकॉलचं काम, विशेषतः एअरबॅगचं, त्याच्याकडून करून घेऊ नका. बॅगेजवळच्या वायरला हात लावण्याआधी बॅटरीची जोडणी काढून काही वेळ थांबावं लागतं, नाहीतर ती अंगावर फुटू शकते. शिवाय त्याने काम केलं तर कंपनीच्या नोंदीत गाडी 'बाकी' म्हणूनच राहते.

सेंटरमध्ये काय होतं?

आधी तारीख घ्या आणि एकच प्रश्न स्पष्ट विचारा: भाग आलाय का? सुरुवातीच्या आठवड्यांत भागांचा तुटवडा असतो. भाग नसताना साठ-सत्तर किलोमीटर जाऊन परत येण्यात अर्थ नाही. नेताना आरसी आणि कंपनीचा मेसेज जवळ ठेवा.

तिथे जॉब कार्ड बनेल. त्यावर किलोमीटर, इंधन, गाडीवरचे ओरखडे लिहिले जातात. रिकॉलचं काम त्यावर वेगळ्या ओळीत लिहिलंय का, ते वाचूनच सही करा. 'सोबत सर्व्हिसिंग करून टाकू का?' असं विचारतील. करायचं असेल तर करा, पण त्याचं बिल वेगळं मागा. रिकॉलच्या कामाला भाग आणि मजुरी दोन्ही धरून एक रुपयाही लागत नाही. निघताना शून्य रकमेचं बिल किंवा काम पूर्ण झाल्याचा कागद घ्या आणि आरसीसोबत फाइलला लावा. उद्या गाडी विकायची झाली तर हाच कागद गिऱ्हाइकाला दाखवता येतो.

कंपनीने दाद दिली नाही तर?

2012 साली वाहन उत्पादकांच्या 'सियाम' या संघटनेने रिकॉलची ऐच्छिक आचारसंहिता आणली. तेव्हा सगळा मामला कंपनीच्या मर्जीवर होता. मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती होऊन कलम 110-अ आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून ते लागू झालं. आता सरकार कंपनीला रिकॉलचा आदेश देऊ शकतं. आदेश निघाला तर कंपनीने पैसे परत करायचे, किंवा गाडी बदलून द्यायची, किंवा दुरुस्त करायची. वर 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड. कंपनीने स्वतःहून दोष कळवला तर हा दंड लागत नाही. बनल्यापासून सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना हे नियम लागू आहेत.

सरकार हलायला तक्रारींची संख्या लागते. ज्या मॉडेलच्या वर्षाला 10,000 पेक्षा जास्त कार विकल्या जातात, त्यासाठी 1,250. म्हणून 'माझ्या एकट्याच्या तक्रारीने काय होणार' असं म्हणू नका. परिवहनच्या पोर्टलवर आरसीच्या आधारे तक्रार नोंदवता येते. चाचणी संस्थेच्या अहवालावरूनही सरकार चौकशी सुरू करू शकतं. अशा संस्था आपल्या आसपासच आहेत: पुण्यात एआरएआय, भोसरीला सीआयआरटी, अहिल्यानगरला व्हीआरडीई.

तुमचं वैयक्तिक नुकसान झालं असेल, वारंवार सांगूनही काम होत नसेल, तर आधी ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथे जमलं नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करा. गाडीची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. या सगळ्याला पुरावा लागतो तो जॉब कार्डांचा आणि मेसेजचा, म्हणून एकही कागद फेकू नका.

रांजणगावात बनलेली गाडी रांजणगावपासून वीस किलोमीटरवर उभी असली, तरी कारखान्याला ती दिसत नाही. त्याला दिसतो एक चासी नंबर आणि त्यापुढे लिहिलेला एक मोबाइल नंबर. तो मोबाइल आज तुमच्या खिशात आहे का, एवढं आज संध्याकाळी पाहून ठेवा.