गोबर वायूची टाकी बंद का पडते?

शेणाच्या गोवऱ्या जाळल्या म्हणजे त्यातील सेंद्रिय द्रव्य व नत्र धुराबरोबर निघून जाते. शेताच्या वाट्यास केवळ राख उरते. गोबर वायूच्या टाकीत मात्र त्याच शेणापासून जळणही मिळते व खतही हाती राहते. असे असूनही बांधलेल्या काही टाक्या वर्षा-दोन वर्षांत बंद पडतात. याचे कारण बहुधा बांधकामात नसून टाकीच्या दैनंदिन निगेत असते.

टाकीतील क्रिया गाईच्या पोटातील पचनासारखीच चालते. हवा पोहोचत नाही अशा जागी एका प्रकारचे सूक्ष्म जंतू शेणातील द्रव्याची आम्ले बनवितात, तर दुसऱ्या प्रकारचे जंतू त्यांपासून मिथेन हा ज्वालाग्राही वायू तयार करतात. हे दुसरे जंतू फार नाजूक असतात. चार दिवस काहीच न घालता एकदम पाच-सहा पाट्या शेण ओतल्यास आम्ल साठते व वायू आटतो. फिनेल किंवा साबणाच्या पाण्यानेही ते मरतात. म्हणून रोज ठराविक शेण, तितक्याच पाण्यात नीट कालवून व खडे-काड्या काढून घालावे. पहिल्या भरणीच्या वेळी चालू टाकीतील थोडी मळी विरजणासारखी घालावी.

एक किलो ओल्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. दोन घनमीटरच्या टाकीस रोज ५० किलो शेण लागते व त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. बैल दिवसभर शेतावर असतील तर त्यांचे निम्मे शेण गोठ्यात येतच नाही. यास्तव ग्रामसेवकाने जनावरांची नोंद पाहून टाकीचे माप ठरवू नये; आठवडाभर शेण प्रत्यक्ष तोलावे. कागदावरची जनावरे शेण देत नाहीत!

कडबा, पाचट किंवा पऱ्हाट्या टाकीत घालू नयेत. काडी वर तरंगून जाड साय धरते व वायू कोंडतो. पऱ्हाटीचे लाकूड तर हवेवाचून कुजतच नाही. हा काडीकचरा खड्ड्यात पसरून त्यावर बाहेर पडणारी मळी सोडावी, म्हणजे उत्तम कंपोस्ट होते.

आरंभीच्या वायूत हवा मिसळलेली असते. तो पेटवू नये, सोडून द्यावा. गळती साबणाच्या फेसाने पाहावी, काडी ओढून नव्हे. साफसफाईसाठी उपसलेल्या टाकीतही कोणी उतरू नये. आत प्राणवायू नसतो. उतरणारा क्षणात बेशुद्ध पडतो, आणि त्यास काढण्यास उतरलेला दुसराही.