तेलाच्या पिशवीवरील '३१९'

खाद्यतेलाच्या काही पिशव्यांवर बारीक अक्षरांत 'अँटिऑक्सिडंट (३१९)' असे छापलेले असते. 'डॉक्टर, हे रसायन पोटात गेलेले चालते का?' असे अनेकजण विचारतात.

आधी तेल खवट का होते ते पाहू. हवेतील प्राणवायूमुळे तेलातील स्निग्धाम्ले बिघडू लागतात. एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो. उष्णता, उजेड आणि लोखंड-तांब्याचा अंश यांमुळे ही साखळी वेग घेते. जुन्या चिवड्याला वास येतो तो यामुळेच. अँटिऑक्सिडंट स्वतः खर्ची पडून ही साखळी तोडते. निसर्गानेही तेलबियांत 'ई' जीवनसत्त्वाची सोय केली आहे. परंतु रिफाइंड करताना त्यातील काही भाग निघून जातो.

३१९ म्हणजे टीबीएचक्यू. आपल्याकडे किलोभर तेलात ते जास्तीत जास्त २०० मिलिग्रॅम घालता येते. म्हणजे रोजच्या २५ ग्रॅम तेलातून फार तर ५ मिलिग्रॅम पोटात जाईल. जागतिक तज्ज्ञ समितीने ठरवलेली सुरक्षित मर्यादा वजनाच्या किलोमागे रोज ०.७ मिलिग्रॅम, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ३५ मिलिग्रॅम आहे. बीएचए (३२०) या दुसऱ्या रसायनाच्या मोठ्या मात्रेने उंदरांच्या जठराच्या पुढील भागात गाठी झाल्या होत्या. पण माणसाच्या जठराला तसा भागच नसतो. तेव्हा या आकड्यांची धास्ती नको.

खरी काळजी कढईतील उरलेल्या तेलाची करावी. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात अँटिऑक्सिडंट संपून जाते आणि अपायकारक घटक साठतात. म्हणूनच २०१८ पासून तळणाच्या तेलातील 'एकूण ध्रुवीय घटकां'वर २५ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे. घरी ते मोजता येत नाही, पण तेल काळपट व चिकट झाले, फेसाळले किंवा लवकर धुरावू लागले की ते टाकून द्यावे.

थोडक्यात, एवढे पाळावे:

• महिन्याला पुरेल एवढेच तेल आणावे. घाण्याचे असल्यास आणखी थोडे.
• झाकण घट्ट लावून ते शेगडीपासून दूर, अंधाऱ्या जागी ठेवावे.
• जुन्या तेलात नवे तेल ओतू नये.
• तळणाचे उरलेले तेल गाळून दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवावे. पुन्हा तळणाला घेऊ नये.
• खवट वास आलेले शेंगदाणे, खोबरे, फरसाण मुलांना देऊ नये.

आणि अँटिऑक्सिडंट तेलाला टिकवते, हृदयाला नव्हे. तेल कितीही चांगले असले तरी ते बेतानेच खावे.